सिकलसेलचा रिपोर्ट एकट्याचा की अख्ख्या घराचा?

उत्तर_नागपूरकर
आमच्या समाजाच्या वधू-वर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी सिकलसेल शिबिराच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकला, नाव, वय, वस्ती आणि शेवटच्या रकान्यात एए नाहीतर एएस. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, एए म्हणजे काही नाही, एएस म्हणजे वाहक. त्यात माझ्या चुलत बहिणीचं नाव, पुढं एएस. काका म्हणते समाजाच्या भल्यासाठीच टाकलं, दोन वाहकांचं लग्न जुळू नये म्हणून. अर्ध्या ग्रुपनं हात जोडले. मी म्हटलं ही प्रायव्हसीची वाट लावणं आहे, तर एक मावशी म्हणे हे अमेरिकेचं खूळ आपल्याकडं नको, आपल्यात सगळ्यांचं सगळ्यांना माहीत असते. डोकं सटकलं पण उत्तर सुचलं नाही, कारण तिच्या एएसवरून तिच्या आईबापातलं एक तरी वाहक नाहीतर रुग्ण आहे हे कळतेच ना, मग तिनं एकटीनं हो म्हटलं असतं तरी तिच्या आईबापाचं काय? 'माझा डेटा माझी मर्जी' याच्यापलीकडं कोणी विचार केला आहे का?

धरमपेठ_कट्टा
मावशींना सांगा, २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात आपल्याच सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवला, अमेरिका कुठून आली. पण २०२३ चा डेटा कायदा हक्क देते तो एकेका व्यक्तीला, घराला नाही, वस्तीला नाही. आणि कोणी वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी डेटा वापरला तर तो कायदा लागूच होत नाही, काका हेच म्हणतील. आता एवढा मोठा ग्रुप घरगुती कसा, ते वकिलांनी भांडावं. तुम्ही आधी शिबिरवाल्यांना विचारा रजिस्टरचं पान बाहेर गेलंच कसं.

सेमिनरी_हिल्स
मावशीचं अर्धं बरोबर आहे भाऊ, अशी माहिती एकट्याची नसते, पण ज्या अर्ध्यावर काकांचा फोटो फिरला, 'सगळ्यांचं सगळ्यांना माहीत', ते नाही.

अमेरिकेतलंच पहा, ग्रँड कॅनियनमध्ये हावासुपाई नावाची आदिवासी जमात आहे. त्यांच्यात मधुमेह फार, म्हणून १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्यांचं रक्त घेतलं. पुढं त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, नात्यातल्या लग्नांचा झाला, आणि हे लोक मुळात कुठून आले याचाही झाला. जमात मानते आपण याच दरीतले, आणि अभ्यास म्हणते पूर्वज आशियातून आले. जमातीला कळलं २००३ मध्ये, केस झाली, २०१० मध्ये युनिव्हर्सिटीनं सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. आता यात गोम पाहा, माणसांची नावं खोडली तरी जमातीचं नाव राहतेच, बट्टा लागते तो सगळ्यांना, ज्यानं सही केली नाही त्यालाही. आपल्याकडं 'अमुक वस्तीत सिकलसेल जास्त' एवढं छापून आलं की पुरे, स्थळवाले पत्ता पाहूनच फोन ठेवतात.

न्यूझीलंडचे माओरी लोक वंशावळीची माहिती, त्यात जनुकंही आली, पूर्वजांकडून आलेली ठेव मानतात, एकट्याला द्यायचा अधिकार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, आमच्यावर काम करायचं तर आधी आम्हाला विचारा. यात कुठंच 'सगळ्यांचं सगळ्यांना माहीत' नाही. माणसाची परवानगी लागतेच, वरून जमातीचीही. कुलूप एकाचं दोन होते, काकांनी तर होतं तेही काढलं.

इतवारीची_पोट्टी
सगळे समाज समाज करून राहिले, पण समाजात ठरवते कोण? ग्रुपच्या अ‍ॅडमिनमध्ये एक तरी बाई आहे का? पोराचं एएस निघालं की 'थोडा अशक्तपणा आहे' आणि पोरीचं निघालं की पान फिरते. गडचिरोलीत मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते, बाया बसतात, बोलतात, तिथं 'गावानं ठरवलं' म्हटलं तर मी मानते. चार काका म्हणजे समाज नाही. सेमिनरीवाले भाऊ, तुमचं दुसरं कुलूप यांच्याच हातात गेलं तर?

पीएचसी_ताई
मी आरोग्य केंद्रात सिकलसेलच्याच कामात आहे म्हणून बोलते. एएस म्हणजे आजारी नाही, वाहक. दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे खरंच आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के. एक एएस आणि दुसरा एए असला तर एसएस बाळ होतच नाही. म्हणजे स्थळ जुळत आलं की दोन घरांनी समोरासमोर रिपोर्ट पाहावे, झालं, तेवढ्यासाठी अख्ख्या ग्रुपला यादी लागते कशाला? जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत निर्मूलन करायचं आहे, लाखो लोकांना तपासायला आणायचं आहे. असे फोटो फिरले तर पुढच्या शिबिराला पोरीच काय, त्यांच्या मायाही येणार नाहीत, आम्ही दारोदार फिरून फिरून मरतो अन् एक काका सगळं पाण्यात घालतात.

उत्तर_नागपूरकर
ताईंचा मुद्दा ग्रुपवर टाकला, काकांनी कुरकुर करत फोटो उडवला, मावशी अजून फुगलेलीच आहे. शिबिरवाल्यांना लेखी विचारतो. बहिणीशी बोललो तर ती म्हणे माझं सोड, त्या पानावर बाकीच्यांची नावं आहेत आणि त्यातले कित्येक तर ग्रुपमध्येच नाहीत, त्यांना आपलं नाव फिरलं हेही माहीत नसणार. त्यांना सांगायचं तर ती यादी पुन्हा कोणाकडं तरी उघडावी लागते. पीएचसी ताई, हे कसं करावं?