इंग्रजीच्या तासाला कविता: आधी लिहायला लावायचं की आधी समजावायचं?

अक्षरवेडा:
माध्यमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. कवितेचा भावार्थ फळ्यावर उतरवून देणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आधी मुलांनी पेन हातात घेऊन कवितेशी झटापट करावी, अर्थाचं नंतर बघू.

विल्यम कार्लोस विल्यम्सची लाल ढकलगाडीवरची कविता घ्या, १९२३ सालची. अवघे १६ शब्द. गाडी, पावसाचं पाणी, पांढऱ्या कोंबड्या, संपलं. मी ती कविता आहे हे सांगतच नाही. सगळे शब्द एका सरळ वाक्यात लिहितो आणि म्हणतो, याच्या ओळी पाडा. कुणी दोन पाडतं, कुणी बारा. मग मूळ मांडणी दाखवतो: आठ ओळी, दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येक जोडीत वर तीन शब्द आणि खाली एकच. 'व्हीलबॅरो'सुद्धा मधोमध तोडलेला! एरवी तोंड न उघडणारी मुलं 'इथे का तोडलं?' म्हणून भांडायला लागतात. भावार्थ दिला असता तर फक्त वही भरली असती.

तळटीप:
साफ असहमत. तुम्ही सोयीची कविता निवडलीत. शेक्सपिअरच्या सॉनेटचं काय कराल? १४ ओळी, चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी, वाक्यरचना उलटसुलट. ज्याच्या घरी इंग्रजी वाचणारं कुणी नाही, त्याला 'तुला काय वाटतं?' विचारलं की तो खाली मान घालतो आणि पुस्तकांत वाढलेली चार मुलं तास खाऊन टाकतात. शिक्षकाने नीट उलगडून सांगावं, हा त्या मुलाचा हक्क आहे. तो तुम्ही काढून घेताय.

अक्षरवेडा:
@तळटीप, चार मुलं तास खातात हे खरं आहे, आणि तोंडी चर्चेत तर हमखास. म्हणूनच मी लिहायला लावतो. कठीण शब्दांचे अर्थ जरूर द्या, पहिल्या बारा ओळी हवं तर शब्दन् शब्द समजावा. फक्त शेवटच्या दोन झाका. त्या मुलांनी लिहायच्या, एकमेकींशी यमक जुळवून. मग मूळ दाखवा. स्वतः दोन ओळी जुळवून पाहिलेलं मूल त्या दोन ओळी वेगळ्याच नजरेने वाचतं.

कोरीपाटी:
आणि मार्क? रसग्रहणाला निकष असतात. एखाद्या मुलीने आजोबा गेले त्यावर कविता लिहिली, तर दहापैकी किती द्यायचे? सहा दिले तर ती पुन्हा लिहिणार नाही. दहा दिले तर बाकीच्यांना कळेल की रडवलं की मार्क मिळतात.

कच्चाखर्डा:
मार्क कवितेला देऊच नका, खर्ड्यांना द्या. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशपची 'वन आर्ट' ही कविता १९७६ साली छापली गेली. व्हिलानेल आहे: १९ ओळी, दोनच यमकं, ठरावीक ओळी फिरून फिरून येतात. तिचे १७ खर्डे जपून ठेवलेले आहेत. पहिला चक्क विस्कळीत टिपणासारखा आहे, हरवलेल्या वस्तूंची नुसती जंत्री. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले की 'कविता आपोआप सुचते' हा समज तिथल्या तिथे गळून पडतो. मुलीला विचारा: पहिल्या खर्ड्यातलं काय काढलंस, का काढलंस? त्या उत्तराला मार्क. आजोबांच्या आठवणीला हात लावायचा नाही.

तळटीप:
@कच्चाखर्डा, हे पटलं. पण बिशपला व्हिलानेल जमलं ते आधी भरपूर वाचलं होतं म्हणून. वाचन आणि पाठांतर हद्दपार करून नुसतं लिहायला लावलंत तर ओढूनताणून आणलेली यमकंच हाती येतील. आयॅम्बिक पेंटामीटरची (ओळीत हलकं-जोरकस अशा अक्षरांच्या पाच जोड्या, ती लय) व्याख्या घोकून काही कळत नाही, दहा ओळी मोठ्याने म्हटल्या की आघात कानाला आपोआप लागतात. पाठांतराला शिक्षा समजू नका.

अक्षरवेडा:
पाठांतराला माझा विरोध कधीच नव्हता. गाईडमधलं रसग्रहण पाठ करण्याला आहे. कविता पाठ करा की!

कोरीपाटी:
सगळं ऐकायला छान आहे, पण वेळेचं कुणीच बोललं नाही. एका कवितेला तीन तास दिले तर उरलेल्या कधी संपवायच्या? आणि खर्डे तपासणार कोण?

कच्चाखर्डा:
सगळ्या अशा शिकवायच्या नाहीतच. सत्रात दोन निवडा, बाकीच्या सरळ समजावून द्या. पहिले खर्डे मुलंच एकमेकांचे वाचतील, प्रत्येकाने एक ओळ आवडली म्हणून आणि एक कळली नाही म्हणून अधोरेखित करायची. तुम्ही फक्त शेवटचा बघा.