माळ्यावरचे जुने पीसी : ठाणे–नवी मुंबईकरांनो, हाताशी असलेली माहिती इथे लिहा

चरई

नौपाडा–चरईतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत. माळे रिकामे होताना एक्सटी, २८६, ४८६ अशा जुन्या पिढ्यांचे पीसी बाहेर येताहेत. वाशी–नेरूळच्या सिडकोच्या घरांतही तेच. बहुतेक यंत्रं थेट भंगारात जातात. काहींना उत्साहाने प्लग लावला जातो आणि पाच मिनिटांत धूर निघतो. दोन्ही गोष्टी टाळण्यासारख्या आहेत. १९७५च्या ऑल्टेअर या छोट्या संगणकापासून १९९५च्या एटीएक्स या बोर्ड–सप्लायच्या नमुन्यापर्यंत पीसी कसा घडत गेला, ते त्याच्या बोर्डावर, केबलींवर आणि पट्ट्यांवर अजून वाचता येतं. म्हणून आठवणींपेक्षा कामाचं लिहा : कुठला भाग तसा का केला गेला, तो कशाने बिघडतो आणि आज चालू करायचा तर काय करावं लागतं.

वागळे इस्टेट

पॉवर सप्लायपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त यंत्रं इथेच मरतात.

मागचा लाल स्विच आधी पाहा. तो ११५ वर असेल आणि २३० व्होल्ट दिले, तर इनपुटचे कपॅसिटर फुटतात. मग सप्लायचं झाकण उघडून मेन्सच्या बाजूचे फिल्टर कपॅसिटर तपासा. १९८०च्या दशकात धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे कपॅसिटर वापरत. त्यांच्या पिवळसर पारदर्शक आवरणाला बारीक भेगा पडतात. आपल्याकडे चार महिने हवा दमट असते. भेगांतून ओल आत शिरते आणि वीज मिळाली की कपॅसिटर जळून दाट, उग्र वासाचा धूर येतो. भेग दिसो वा न दिसो, बदलून टाका. त्याच क्षमतेचा, बहुधा ०.१ मायक्रोफॅरड, मेन्ससाठीच्या एक्स२ या सुरक्षा वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा लावा. मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. मीटरने मोजल्याशिवाय हात लावू नका.

पहिली वीज सिरीज बोर्डातून द्या : फेजमध्ये १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. उजळच राहिला तर आत शॉर्ट आहे. हे सप्लाय लोडशिवाय सुरू होत नाहीत, झाले तरी व्होल्टेज भरकटतं. म्हणून सप्लाय अजून मदरबोर्डाला लावू नका. लाल आणि काळ्या तारेमध्ये ५ ओम, १० वॅटचा रेझिस्टर लावा, साधारण १ अँपियर जाईल. तो चांगलाच तापतो, लाकडी टेबलावर ठेवू नका. शॉर्ट नाही अशी खात्री झाली की बल्ब काढून थेट वीज द्या आणि मोजा : लालवर ४.७५ ते ५.२५, पिवळ्यावर ११.४ ते १२.६ व्होल्ट.

कळवा

वागळेकरांच्या प्रतिसादात एक भर. एटीएक्सच्या आधीच्या बोर्डांना सप्लायची दोन वेगळी कनेक्टरं लागतात, पी८ आणि पी९. प्रत्येकी सहा तारा. ती उलटसुलट बसू शकतात आणि तसं झालं तर ग्राउंडच्या जागी ५ व्होल्ट जातात. बोर्ड संपला. नियम एकच : दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून. १९९५च्या एटीएक्सने २० पिनांचं एकच, एकाच बाजूने बसणारं कनेक्टर आणलं, त्यामुळे ही चूक संपली.

आणि अर्थिंग तपासा. जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन नावालाच असते. सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो, त्यामुळे अर्थ नसेल तर पत्र्यावर सुमारे निम्मं व्होल्टेज, ११५च्या आसपास, दिसतं. अंगाला झिणझिण्या येतात तेवढ्यावर भागतं, पण अशा दोन यंत्रांमध्ये प्रिंटरची केबल लावली की पोर्टची आयसी (चिप) उडू शकते. केबल नेहमी दोन्ही बंद असताना लावा.

ऐरोली

आयबीएम पीसी, मॉडेल ५१५०, १२ ऑगस्ट १९८१. फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या छोट्या चमूने साधारण वर्षभरात उभा केला, कारण बाजारात मिळणारे भाग घेतले. त्याची सगळ्यात बोलकी खूण बोर्डावरचा १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. त्याला ४ने भागलं की अमेरिकन रंगीत टीव्हीला लागणारे ३.५८ मेगाहर्ट्झ मिळतात. ३ने भागलं की ८०८८ प्रोसेसरचे ४.७७. १२ने भागलं की टायमरचे १.१९, आणि ते ६५,५३६ने भागलं की सेकंदाला १८.२ टिक, ज्यावर डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं घड्याळ चालतं. एकाच क्रिस्टलवर सगळं भागवलं. ४.७७ हा विचित्र आकडा टीव्हीमुळे आला, प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झचा होता.

प्रोग्रामांना मिळणाऱ्या मेमरीची ६४० केबीची मर्यादाही अशीच. ८०८८ला पत्त्याच्या २० तारा, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. त्यातला ए००००पासूनचा वरचा ३८४ केबी पडद्यासाठी आणि रॉमसाठी राखला, खाली ६४० उरले. पहिल्या बोर्डावर १६ ते ६४ केबीच बसत, तेव्हा ६४० प्रचंड वाटले असणार.

चालू करताना : ५१५०चा पंखा किंचित हलून थांबला तर आधी सप्लायला दोष देऊ नका. १२ व्होल्टच्या लाइनवरचे १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे टँटॅलम कपॅसिटर शॉर्ट होतात आणि सप्लाय स्वतःला वाचवायला बंद पडतो. मीटरने पिवळा–काळा रोध मोजा, शून्याजवळ असेल तर एकेक टँटॅलम काढून पाहा. बदलताना २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्या. दिशा चुकली तर तो पेट घेतो. मग सॉकेटमधली प्रत्येक आयसी अंगठ्याने दाबा. तापून–निवून त्या वर सरकलेल्या असतात. पडद्यावर २०१ आलं तर मेमरी, ३०१ कीबोर्ड, ६०१ फ्लॉपी, १७०१ हार्डडिस्क.

आयबीएमने सर्किट आणि बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या रॉममधल्या प्रोग्रामचा, पूर्ण कोड पुस्तकात छापला, हे माझ्या मते सगळ्यात दूरगामी पाऊल. कार्डं जोडायची बस (तारांचा समूह) कुणालाही वापरता आली, बायॉसवर मात्र कॉपीराइट होता. कॉम्पॅक कंपनीने तो पद्धतशीर ओलांडला : एका गटाने बायॉस काय करतो एवढंच लिहून काढलं, मूळ कोड न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने तो नव्याने लिहिला. १९८४मध्ये फिनिक्स कंपनीने तसाच बायॉस सगळ्यांना विकायला काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या सरकारच्या नव्या संगणक धोरणाने आयात शुल्क कमी झालं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून ठाण्यात जोडलेला ‘असेंबल्ड’ पीसी या दोन गोष्टींवर उभा आहे.

घणसोली

१९८१च्या आधीचं समजून घ्यायचं तर इंजिनीअरिंग कॉलेजातलं ८०८५ प्रोसेसरचं किट पुरेसं आहे. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर आलेल्या ऑल्टेअर ८८००मध्ये इंटेल ८०८० होता आणि मेमरी २५६ बाइट. ८०८०ला +५, −५ आणि +१२ असे तीन सप्लाय लागत. १९७६च्या ८०८५ला फक्त ५ व्होल्ट, म्हणून नावात ५. सूचना जवळपास त्याच.

किटवर २०००पासून रॅम असेल तर हे हेक्स, म्हणजे सोळामान, आकडे भरा : ३ई ०५ ०६ ०३ ८० ३२ ५० २० ७६. ५ आणि ३ची बेरीज २०५०वर जाते. पत्ता ‘५० २०’ असा उलटा, खालचा बाइट आधी. हीच रीत ८०८८मध्ये आली आणि आजच्या इंटेल–एएमडी लॅपटॉपमध्येही आहे. ऑल्टेअरवर हेच पुढच्या पट्टीवरच्या स्विचने एकेक बिट भरत. स्विच तीन–तीनच्या गटात, म्हणून तिथे अष्टमान आकडे : ३ई म्हणजे ०७६. वीज गेली की सगळं पुन्हा.

तुमच्या किटवर रॅम दुसऱ्या पत्त्यावर असू शकते. तसं असेल तर ५० आणि २० दोन्ही बदला, नाहीतर उत्तर रॉमच्या पत्त्यावर लिहिलं जाईल आणि काहीच दिसणार नाही.

कोपरी

२८६ ते ४८६च्या बोर्डांचा शत्रू म्हणजे कीबोर्डच्या सॉकेटजवळची निळी किंवा हिरवी पिंपासारखी बॅटरी. ३.६ व्होल्ट, निकेल–कॅडमियम. ती गळतेच. १९८४च्या पीसी एटी या आयबीएमच्या २८६ मॉडेलपासून घड्याळ आणि डिस्कची माहिती बॅटरीवर चालणाऱ्या सीमॉस या छोट्या मेमरीत ठेवू लागले, म्हणून ही बॅटरी आली.

बोर्ड हातात आला की चालू करायच्या आधी ती कापून काढा. गळलेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावा, फेस थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड पाणी, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन दिवस पंख्याखाली. काळपट हिरव्या झालेल्या ट्रॅकची कंटिन्युइटी तपासा, तुटलेल्या जागी बारीक वायर-रॅप तार टाका. बॅटरीशेजारी कीबोर्ड कंट्रोलर ८०४२ असतो. एटीमध्ये ए२० ही पत्त्याची एकविसावी तारही त्याच्यामार्फत चालू–बंद होते, कारण १ एमबीनंतर पत्ता शून्यावर वळतो असं धरून लिहिलेले जुने प्रोग्राम चालायला हवे होते. म्हणून कीबोर्ड चालत नाही आणि डॉसचा हायमेम हा मेमरीचा प्रोग्राम ‘ए२०’ची तक्रार करतो, अशी जोडी दिसली की आधी तो कोपरा पाहा.

नवीन सेल म्हणून सीआर२०३२ थेट त्याच जागी लावू नका. बोर्ड तो चार्ज करायला जातो आणि लिथियम सेल फुगतो, फुटू शकतो. मध्ये १एन४१४८ डायोड घाला, पट्ट्याची बाजू बोर्डाकडे.

मानपाडा

टर्बो बटणाबद्दल थोडक्यात. पहिल्या पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या वेगावर वेळ मोजणारे प्रोग्राम आणि गेम वेगवान यंत्रावर पळत सुटत, म्हणून वेग कमी करायची सोय. कॅबिनेटवरचा वेगाचा लाल आकडा काहीही मोजत नाही, तो मागच्या जंपरांनी (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांनी) लावलेला असतो. ६६ दिसतंय म्हणून ४८६ समजून किंमत देऊ नका. झाकण उघडून प्रोसेसर पाहा.

वाशी

हार्डडिस्क. सीमॉस कोरा झाला की डिस्कची रचनाही जाते, म्हणून लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर आधी लिहून घ्या. सीगेट एसटी-२२५ : ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर, ५१२ बाइट. गुणाकार २,१४,११,८४०, हीच ती ‘२० एमबी’. ३४ आणि २० पिनांच्या दोन केबली असतील तर ती या जुन्या जातीची. ४० पिनांची एकच असेल तर नंतरच्या आयडीई जातीची.

जुन्या जातीच्या बहुतेक डिस्क स्वतःहून हेड बाजूला नेत नाहीत. हलवण्याआधी पार्क प्रोग्राम चालवा, नाहीतर रिक्षाच्या धक्क्यांनी पृष्ठभाग ओरखडतो. डॉसच्या डीबग प्रोग्राममध्ये ‘जी=सी८००:५’ देऊन लो-लेव्हल फॉरमॅट करण्याचा सल्ला जिकडेतिकडे मिळेल. त्याने सगळं पुसलं जातं. आतलं उतरवून होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. आयडीईची उतरवणूक सोपी, यूएसबी अ‍ॅडॅप्टर बहुतेकदा पुरतो. फक्त फार लहान, १०० एमबीच्या आतल्या डिस्क काही अ‍ॅडॅप्टरांना कळत नाहीत.

नेरूळ

फ्लॉपीवर सविस्तर लिहितेय, कारण खाडीकाठच्या हवेत त्या बुरशीने खराब होतात आणि घाईत लोक उरलेली माहितीही घालवतात.

ड्राइव्हमध्ये टाकायच्या आधी मधलं चाक बोटाने फिरवून खिडकीतून पूर्ण वर्तुळ पाहा, दोन्ही बाजूंनी. पांढुरके ठिपके किंवा धुरकट वलय म्हणजे बुरशी. ती हेडवर चिकटते, पुढच्या फेरीत माहिती धरणारा ऑक्साइडचा थर खरवडते आणि नंतर टाकलेली चांगली फ्लॉपीही खराब करते. ५.२५ इंचीच्या पाकिटाची वरची कड ब्लेडने उघडा, तबकडी काढा, कोमट पाण्यात एक थेंब सौम्य साबण टाकून बोटांनी हलके धुवा, डिस्टिल्ड पाण्याने खंगाळा, धागे न सुटणाऱ्या कापडावर वाळवा. उन्हात नाही, ड्रायरने नाही. मग कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात घालून वाचा. मास्क लावा. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड अल्कोहोलने पुसा. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा.

वाचण्याआधी लेखन बंद करा : ५.२५ची खाच चिकटपट्टीने झाका, ३.५चं भोक उघडं ठेवा. क्षमता ओळखायला : ४० ट्रॅक, ९ सेक्टर म्हणजे ३६० केबी, ८० आणि १५ म्हणजे १.२ एमबी, ३.५ इंचीत ८० आणि १८ म्हणजे १.४४. १.२च्या ड्राइव्हचं हेड अरुंद. ते ३६०ची फ्लॉपी वाचतं, पण तिच्यावर लिहिलं तर जुन्या रुंद ट्रॅकचा काठ उरतो आणि ३६०च्या ड्राइव्हवर वाचताना दोन्ही मिसळतात.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ५.२५ला उपयोगाचा नाही. ग्रीझविझल हा छोटा बोर्ड घ्या, ३४ पिनांच्या केबलने खरा ड्राइव्ह जोडा आणि चुंबकीय बदलांची कच्ची नोंद काढा. खराब सेक्टर नंतर त्या नोंदीतून पुन्हा पुन्हा तपासता येतात, फ्लॉपी परत झिजत नाही. केबलच्या पिळाआधीचा ड्राइव्ह बी, पिळानंतरचा ए.

चरई

नेरूळकर ताई, फार उपयोगी. फ्लॉपीतून मराठी फाइल निघाली आणि नोटपॅडमध्ये नुसती चिन्हं दिसली, तर ती वाचायची कशी?

सीबीडी बेलापूर

आधी ती कुठल्या घराण्याची ते ठरवा. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड पीसीच्या आयएसए स्लॉटमध्ये बसे, आणि वर्डस्टार, डीबेस अशा प्रोग्रामांत देवनागरी दिसे. त्या फाइली इस्कीच्या, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेल्या संकेतांच्या : इंग्रजी अक्षरं जागच्या जागी, देवनागरी १६१पासून (हेक्समध्ये ए१) पुढे. फाइलमधले बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडा. क म्हणजे बी३. बी३ ते डी८ या पट्ट्यातले बाइट आणि त्यांच्या पाठोपाठ ई८, म्हणजे पाय मोडल्याचं चिन्ह, वारंवार आले तर इस्कीच. रूपांतर सोपं, कारण युनिकोडचा देवनागरी विभाग १९८८च्या इस्कीवरच बेतलेला आहे. तक्त्याने एकास एक बदला. मुख्य अपवाद दोन : ई८ लागोपाठ दोनदा आला तर जोडाक्षर न करता पाय मोडलेला दाखवायचा, आणि ई८नंतर ई९ आला तर अर्धं अक्षर.

विंडोजच्या काळातल्या फाइली बहुधा फाँटच्या सांकेतिक अक्षरांत आहेत. तिथे अक्षर साठवलेलं नाही, त्याचा आकार साठवलेला आहे. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार नंतर. प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा. म्हणून आधी आकार बदला, मग वेलांटी पूर्ण जोडाक्षरानंतर न्या आणि रफार जोडाक्षराच्या आधी आणा. हा क्रम उलटला तर ‘स्थिर’सारखे शब्द मोडतात.

दोन्ही प्रकारांत शेवटी शोधून बदला : ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन प्रकारांनी लिहिला गेलेला असतो, ऱ आणि हलंत, किंवा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखे, पण शोधात एक सापडतो तर दुसरा निसटतो. सगळीकडे ऱचा ठेवा. इस्कीतला ऍ मराठीसाठी ॲ करा. तो युनिकोडमध्ये २००८मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या रूपांतर प्रोग्रामांत नाही. आणि मूळ फाइल न बदलता बाजूला ठेवा, तक्त्यातली चूक बऱ्याचदा शंभराव्या पानावर सापडते.