मदत हवी आहे: घराला बाहेरून स्वतःच रंग द्यायचाय, जुन्या स्नोसेमचं काय करू?

नमस्कार मंडळी,

चारकोपला म्हाडाच्या प्लॉटवर आमचं तळमजला अधिक एक असं घर आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळे रंगवायची ती फक्त पुढची आणि मागची भिंत. रुंदी साधारण १५ फूट, उंची २२. दारं-खिडक्या वजा जाता साडेपाचशे चौरस फूट भरतील. रंगारी मजुरीचा जो आकडा सांगतोय तो ऐकून दिवाळीआधी स्वतःच करावं असं ठरवलंय. आतल्या खोल्या नेहमी मीच रंगवतो, बाहेरचं काम मात्र पहिल्यांदाच.

पुढच्या भिंतीवर वडिलांच्या वेळचं पिवळं स्नोसेम (पाण्यात कालवून लावायचा सिमेंटचा रंग) आहे. हात फिरवला की तळहात भंडारा लावल्यासारखा होतो. हे सगळं खरवडायचं, की वरून प्रायमर मारला तर चालेल? दुकानदार म्हणतो चालेल. त्याला काय, डबा खपला की झालं.

मागची भिंत पश्चिमेला, पावसाचा सगळा मारा तिच्यावर. छज्ज्याखाली काळंहिरवं शेवाळ आणि खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, नख जाईल एवढी. बाहेरून पुट्टी लावावी का? शेजारचे काका म्हणतात, दोन पावसांत पापुद्रे निघतील.

शिडी आहे, पण मागची गल्ली जेमतेम तीन फुटांची. आईने तर वर चढायचं नाही अशी तंबीच दिलीय.

प्रतिसाद १

स्नोसेम सुटत असेल तर त्यावर कितीही भारी इमल्शन मारा, ते स्नोसेमला चिकटणार, भिंतीला नाही. पुढे सगळा थर मिळूनच सुटेल. तारेच्या ब्रशने घासा, मग पाण्याने धुवा. तोंडाला मास्क हवाच, ती पूड फार वाईट. वाळल्यावर पुन्हा हात फिरवा आणि तळहात स्वच्छ राहिला तरच प्रायमर.

शेवाळ नुसतं खरवडू नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून थोडा वेळ ठेवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. मुळं राहिली तर पुढच्या पावसाळ्यात नव्या रंगातून वर येतात. भेग आधी थोडी उघडून बाहेरच्या भिंतीसाठीचा क्रॅक फिलर भरा. पुट्टी अख्ख्या भिंतीला कशाला? खड्डे असतील तिथे पातळ हात द्या, तीही पांढऱ्या सिमेंटची. अ‍ॅक्रिलिक पुट्टी घरातच बरी.

आणि घाई नको. पाऊस थांबला तरी भिंत आतून ओली असते. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आतून घाम आला तर ऑक्टोबरचं ऊन आणखी खाऊ द्या तिला. रंगवताना मात्र तापलेल्या भिंतीला हात लावू नका: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर.

प्रतिसाद २

आईंचं ऐका. शिडी २० फुटांवर टेकवायची तर तिचा पाय भिंतीपासून ५ फूट लांब हवा. तीन फुटांत ती उभीच राहते आणि रोलर ओढताना मागे येते. मागच्या बाजूला परांचीच बांधून घ्या. पुढे विजेची सर्व्हिस वायर कुठून येते तेही बघा. अ‍ॅल्युमिनियमची शिडी तिच्या आसपास नकोच.

रंगाचा हिशोब: दोन हातांना (म्हणजे दोन थरांना) लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट धरतात, म्हणजे १० लिटरची बादली काठावर पुरते. पण सँडफेस (खरखरीत, वाळूदार) प्लास्टर असेल तर रंग जास्त पितं. ४ लिटरचा डबा सोबतच, एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या. नंतर आणलेल्या डब्याची छटा उन्हात वेगळी दिसते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. प्लास्टर सँडफेसच आहे, तेव्हा डबा वाढवतो. घासणं आणि खालचा मजला मी करेन, वरच्यासाठी परांची. शेजारचे काकाही त्यांची मागची भिंत रंगवायला काढणार म्हणतात, तर सलग बांधून खर्च अर्धा-अर्धा करू. आता कांदिवली-बोरिवलीत नुसती परांची बांधून भाड्याने देणारा बांबूवाला कुणाला माहीत आहे का? इथले सगळे रंगकामासकटच घ्या म्हणतात.