अनुभव धागा: हायस्कूलचे पालक शाळेत कधी येतात? (कोल्हापूर आणि परिसर)

नमस्कार मंडळी,

आठवी ते दहावीचे पालक शाळेकडे फिरकत नाहीत, ही तक्रार कोल्हापुरातल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकू येते. मूल सायकल घेऊन एकटं जायला लागलं की घराचा शाळेशी संबंध प्रगतिपुस्तकावरच्या सहीपुरता उरतो. आणि वर्गात बघावं तर किती घरं! शिरोलीच्या फौंड्रीतल्या बिहारी कामगाराचा मुलगा, शिवाजी पेठेतला, सदर बाजारातला, गडहिंग्लजकडून आलेली, घरी कन्नड बोलणारी मुलगी, सगळे एका रांगेत.

मी इतिहास शिकवते, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसवलं. दसरा चौकाच्या आसपास जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंग आजही जवळजवळ उभी आहेत. राहायला वेगळे, शिकायला एकत्र. अशा गावात पालकसभा रिकामी जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. आपण पालकांना गुण ऐकवायला बोलावतो, म्हणून ते येत नाहीत. त्यांच्याकडे जे आहे ते मागितलं तर येतात.

आमच्याकडे नववीतल्या एका मुलाचे वडील कधीच आले नव्हते. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात कारागीर, मूळचे बंगालचे. सकाळी अकराची सभा म्हणजे त्यांची रोजी बुडणार. विज्ञानाच्या सरांनी निरोप धाडला की दागिन्याचा सांधा कसा जोडता ते मुलांना दाखवाल का. ते सुट्टीच्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, डब्यात फुंकणी, चिमटा, टाकणखार (बोरॅक्स) आणि चांदीची तार. टाकणखार पाण्यात कालवून सांध्याला लावला, फुंकणीनं ज्योत वळवली. टाकणखार आधी फुगून पांढराशुभ्र झाला, मग वितळून पारदर्शक पसरला आणि सांधा धरला. हवा धातूला लागू देत नाही म्हणून, असं ते बंगालीत म्हणाले आणि वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या त्यांच्या मुलानं ते मराठीत सांगितलं. सरांनी तिथंच ऑक्सिडीकरणाचा धडा घेतला. आता त्या मुलाच्या गृहपाठाबद्दल वडीलच सरांना फोन करतात.

तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. शिक्षकांनीही, पालकांनीही.

शिक्षक, शिरोळ तालुका

आमची शाळा कारखान्याच्या वाटेवर. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, त्यांची मुलं मध्येच दाखल होतात. या आईबापांना सभेची चिठ्ठी पाठवून काय उपयोग? अंधारात फडावर जायचं, गाडी भरल्याशिवाय परत यायचं नाही. म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी सभा त्यांच्या कोप्यांवरच, म्हणजे झोपड्यांपाशीच घेतली, रात्री जेवणं आटोपल्यावर, मोटारसायकलीच्या उजेडात. गावातले काही पालक आणि अंगणवाडीच्या ताईही आल्या होत्या.

एक आई म्हणाली, "पोरगी हुशार हाये सर, पण धाकटं कुणी बघायचं?" आठवीतल्या त्या मुलीच्या गैरहजेरीचं कारण आम्ही हजेरीपटात शोधत होतो, ते असं पाच मिनिटांत कळलं. अंगणवाडीच्या ताईंनी धाकट्याला सांभाळायचं कबूल केलं. मुलगी हंगाम संपेपर्यंत शाळेत आली आणि परत जाताना शिक्षण हमी पत्रक घेऊन गेली, म्हणजे गावी दाखल्यासाठी अडून राहायला नको.

आणखी एक सांगायचंय. आमची मुलं तिच्या बोलण्याच्या हेलाला हसायची. गॅदरिंगला तिच्या आईला ओवी म्हणायला बोलावलं. ती पदर सारखा करून उभी राहिली आणि जात्यावरची ओवी सुरू केली, तर पुढची ओळ आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनीच धरली! त्यांनाही ती येत होती. मुलांचं हसणं तेव्हापासून थांबलं.

रिक्षावाला बाप, मंगळवार पेठ

अकराला सभा म्हंजे ऐन धंद्याची वेळ. यंदा शाळेनं संध्याकाळी साडेसातला ठेवली, ती पण आमच्या तालमीच्या हॉलात. लई जण आलं. माझ्याशेजारी हमाल होता, तेच्या शेजारी वकील. तिघांच्या पोरांचं गणित कच्चं, मग काय, तिथंच ठरलं, एक निवृत्त मास्तर रविवारी तालमीत शिकवत्यात. पोरं जात्यात. वेळ बदला, एवढंच माझं म्हणणं.

आई, कोल्हापूर शहर

माझं माहेर कुरुंदवाडचं, जिथं मशिदीत गणपती बसतो. त्यामुळं एकमेकांच्या सणात वावरायची मला लहानपणापासून सवय. शाळा दरवर्षी माझ्याकडून शिरखुर्मा मागून घेते, मी आनंदानं देते. पण मागं एकदा चंद्र दिसण्यावरून ईद एक दिवस पुढं गेली आणि मुलाच्या चाचणीचा पेपर नेमका ईदच्या दिवशी आला. सकाळी नमाज, नऊला पेपर. मला फार लागलं. शिरखुर्मा आवडतो तर आमचा दिवसही लक्षात ठेवा, असं मी पालकसभेत उभं राहून सांगितलं.

मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक ठरवताना आम्हा पालकांना समोर बसवलं. एका जैन आईनं पर्युषणाचे दिवस सांगितले. उपास असतात, त्या आठवड्यात मैदानावरच्या स्पर्धा नकोत. एका वडिलांनी गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेचं सांगितलं. धनगर समाजाचे एक काका म्हणाले, पट्टणकोडोलीची यात्रा असते तेव्हा आमच्यातलं एक पोर वर्गात सापडणार नाही. शिक्षकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ईदच्या पुढचा-मागचा दिवस आता मोकळा असतो.

धागाकर्ती

ताई, हे फार मोलाचं आहे. धाग्यातल्या सगळ्यांसाठी एक माहिती. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, समितीत निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. विनाअनुदानित खाजगी शाळांना ती समिती लागू नाही, आणि कायदाही आठवीपर्यंतचाच. म्हणून नववी-दहावीला हीच पद्धत शाळेनं आपणहून चालू ठेवावी असा माझा आग्रह आहे. मुलाला सर्वांत जास्त आधार लागतो तो याच दोन वर्षांत.

वडील, कागल तालुका

मुलगी नववीत असताना शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना वर्गात जातीचं नाव घेऊन मुलांना उभं करायचे. मी शाळेत होतो तेव्हाही असंच होतं. मुलगी घरी आली ती जेवलीच नाही.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढला. काहींना तो विषय वाटेचना, सरकारी काम आहे म्हणाले. मी म्हणालो, काम होऊ दे, पण चाळीस पोरांसमोर नको. दोन शिक्षिका माझ्या बाजूनं बोलल्या, एक मराठा आई तर माझ्यापेक्षा जास्त जोरात बोलली. आता फॉर्म बंद पाकिटातून घरी येतो आणि पाकीट थेट ऑफिसात जातं.

माणगाव आमच्याच जिल्ह्यातलं. १९२० च्या तिथल्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर होते, हे शाळेत भाषणातून सांगतात. १४ एप्रिलला हारही घालतात. ते हवंच. माझ्या मुलीला मात्र त्या पाकिटानं जास्त मान दिला.

निवृत्त मुख्याध्यापक

"विविधतेत एकता" म्हणून वेशभूषा स्पर्धा घेणं बंद करा, ही माझी कळकळीची विनंती. भाड्याचा लमाणी पोशाख घालून एक मुलगी बक्षीस घेते आणि खरी लमाणी मुलगी खाली सतरंजीवर बसून बघते. हे मी पाहिलेलं आहे. तिच्या आईला बोलावून आरसे आणि टाके कसे बसवतात ते शिकवायला सांगितलं असतं तर?

सून, गांधीनगर

आमच्या सासूबाई सिंधी, फाळणीनंतर लहानपणी इथं आलेल्या. मुलाच्या शाळेनं आजी-आजोबांना इतिहासाच्या तासाला बोलावलं. त्या म्हणाल्या, आम्ही आलो तेव्हा बराकी आधीच बांधलेल्या होत्या. मुलांनी विचारलं, कुणी बांधल्या? मग शिक्षकांनी सांगितलं, की १९४३ ते १९४८ या काळात इथंच, वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, त्यांच्या शाळा, चर्च, सगळं होतं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. रोज बसनं त्यावरून जाणाऱ्या मुलांना हे माहीत नव्हतं, खरं तर मलाही नव्हतं. पुढच्या रविवारी मुलं सासूबाईंना घेऊन तो स्तंभ बघायला गेली. वर्गातल्या फौंड्री कामगाराच्या मुलानं त्यांना विचारलं, "आजी, तुम्हाला इथली भाषा यायला किती दिवस लागले?" आणि त्या त्याच्याशी बराच वेळ बोलत बसल्या. आता त्याची आई सणाला आमच्याकडे ठेकुआ, म्हणजे त्यांच्याकडचा गोड पदार्थ, पाठवते.

नवीन शिक्षिका, हुपरी

मॅडम, पालकांना निरोप नेमका कसा लिहिता? आमच्याकडे चांदीकाम करणारे खूप पालक आहेत, त्यांना बोलवायचंय.

धागाकर्ती

आम्ही छापील परिपत्रक देत नाही. मूल स्वतःच्या अक्षरात लिहून नेतं, घरच्या भाषेत. मजकूर असा: "आई-बाबा, तुम्ही जे काम करता ते माझ्या वर्गाला दाखवाल का? अर्धा तास पुरे. तुम्हाला जमेल तो वार आणि वेळ खाली लिहा. सोबत आजी, आजोबा, कुणीही चालेल." खाली वारांची नावं आणि वेळेसाठी रिकामी जागा. लिहिता न येणाऱ्यांसाठी मूल विचारून भरतं. हुपरीच्या कारागिरांना दिवाळीच्या आधी बोलावू नका, तेव्हा कामाची गर्दी असते. नंतरची वेळ मागा, येतील.