मदत हवी आहे: कॅम्पस स्टोअरसाठी पीसीआयचा कोणता फॉर्म?

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कॅम्पस स्टोअरचं आयटी मी बघतो. बँकेला पीसीआय डीएसएस ४.०.१ चा (कार्ड पेमेंटच्या सुरक्षा नियमांचा) स्वमूल्यांकन फॉर्म हवाय. कार्ड मशीन्स वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र भागावर) आहेत, कार्ड नंबर कुठेच साठवत नाही, ऑनलाइन विक्री नाही. अडचण यूएसबी केबलची: बिलिंगचा पीसी त्यातून मशीनला फक्त रक्कम पाठवतो. ‘बी-आयपी’ फॉर्मला (नेटवर्कवरच्या स्वतंत्र कार्ड मशीन्ससाठीचा) मशीन इतर सिस्टिमला जोडलेलं चालत नाही. ‘सी’ फॉर्म (इंटरनेटला जोडलेल्या बिलिंग सिस्टिमसाठीचा) भरला तर पीसीही तपासणीत येतात. मशीनवाले म्हणतात बँकेला विचारा, बँक म्हणते तुम्हीच ठरवा (छान!). पीटूपीई (कार्डची माहिती मशीनमध्येच एन्क्रिप्ट करणाऱ्या) मशीन्सना यंदा बजेट नाही. केबल काढून रक्कम हाताने टाकायची, तर सेमिस्टरच्या सुरुवातीला रांग दाराबाहेर जाईल. केबलसकट ‘बी-आयपी’ कुणी बँकेकडून मान्य करून घेतलाय का? पुरावा काय दिलात?