प्रतिसाद: यादवी झालीच नसती तर वऱ्हाडचा कापूस?

अमेरिकेत यादवी झाली नसती तर वऱ्हाडात रेल्वे आलीच नसती, हे वरचं म्हणणं पटत नाही. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाचे भाव चढले, ते युद्धामुळेच, हे खरं. पण युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि गाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये. खामगावची पेठ रेल्वेच्या आधीपासूनची, जलंबहून रेल्वेचा फाटा तिथे १८७० मध्ये आला. म्हणजे तेजीचा बराचसा माल बैलगाडीनेच गेला. काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीचं चाक रुततं, त्यामुळे वाहतूक उघाडीतच. त्याआधी तर हाच कापूस लमाणांच्या बैलांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. वाटेत धूळ बसायची, अवकाळी पाऊस लागला की माल भिजून भाव पडायचा.

अशी कल्पना रचताना साल नव्हे, हंगाम धरा. युद्ध एप्रिल १८६१ चं, भाव खरे भडकले १८६२ मध्ये. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पेरायची जूनमध्ये, वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू, उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी उरकणं, उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे चढा भाव पाहून पेरा वाढवायला शेतकऱ्याला जेमतेम तीनच हंगाम मिळाले.

माझ्या मते इतिहास वेगळा वळू शकला असता ते खरं वळण १८५३ चं. कंटिंजंट फौजेच्या (इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, पण निजामाच्या खर्चाने पोसलेली फौज) थकबाकीपोटी निजामाने त्या मे महिन्यात वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. ती थकबाकी फिटली असती तर? भुसावळच्या पुढचा रूळ निजामाच्या मुलखातून न्यावा लागला असता. परवानगी, जमीन, जकात, सगळंच हैदराबादशी बोलून. तिथून पुढे रचा.