जुनी सेदान, ऑटोमॅटिक: सकाळी डी उशिरा पडतो आणि उभ्या जागेवरून गाडी उचलत नाही

गिअर_डी

गाडी २००१ ची, १.८ लिटर पेट्रोल, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) चार गिअरचा ऑटोमॅटिक, सव्वादोन लाख किलोमीटर चाललेली. तक्रारी दोन. सकाळी पहिल्यांदा लिव्हर डीमध्ये (ड्राइव्ह, पुढे जायला) टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धक्का बसून गिअर पडतो. दुसरी तक्रार जास्त त्रासाची आहे: उभ्या जागेवरून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ३०-३५ पर्यंत रांगते. ५०च्या पुढे अगदी बरोबर पळते. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही. गॅरेजमधून एकच सल्ला मिळाला, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलायचा. त्याआधी काय काय तपासता येईल?

पाना_१४

बॉक्स उतरवायच्या आधी अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्यातलं बहुतेक घरी होतं. गिअरबॉक्सच्या ऑईलपासून सुरुवात करा. कमी ऑईलवर घेतलेल्या बाकीच्या सगळ्या चाचण्या चुकीचे आकडे देतात.

गाडी १५-२० मिनिटं चालवून सपाट जागेवर उभी करा. ऑईल ७० ते ८० अंशांवर हवं. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, आणि लिव्हर पी-पासून (पार्किंग) एल-पर्यंत (लो, पहिला गिअर) प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, परत पी-मध्ये आणा. मग डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला आणि वाचा. पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवी. बहुतेक गाड्यांत ही तपासणी इंजिन चालू ठेवूनच होते, पण होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं, त्यामुळे आधी मॅन्युअल उघडा. कमी असेल तर एका वेळी २०० मिलीच घाला आणि पुन्हा मोजा. जास्त झालं तर फिरते भाग ऑईल घुसळतात, फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही. म्हणजे लक्षणं पुन्हा कमी ऑईलचीच दिसतात.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. लालसर-तपकिरी डाग सारखा पसरला तर ऑईल जुनं आहे, एवढंच. मध्ये काळा ठिपका राहून कडेला फिकट वलय उमटलं आणि जळकट वास आला तर क्लच प्लेटांचं अस्तर झिजून ऑईलमध्ये उतरलंय. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर तिथेच थांबा, गाडी चालवू नका: रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट बॉक्समध्ये जातोय आणि अस्तराचा गोंद पाण्याने सुटतो.

ऑईल बरोबर झालं की स्टॉपवॉच घ्या. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, इंजिन आयडलवर. एन-मधून (न्यूट्रल) डी-मध्ये टाका आणि गिअर पडल्याचा हलका हिसका बसेपर्यंतचा वेळ मोजा. दर वेळी मध्ये एक मिनिट सोडून तीनदा मोजा आणि सरासरी काढा. आर-साठी (रिव्हर्स) तसंच. गरम बॉक्सला एन ते डी साधारण १.२ सेकंदांच्या आत आणि एन ते आर १.५ सेकंदांच्या आत व्हायला हवं. हेच सकाळी थंड बॉक्सवरही मोजून लिहून ठेवा.

शेवटी स्टॉल टेस्ट, म्हणजे चाकं धरून ठेवून इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं ते बघणं. चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक, डावा पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेला, गाडीसमोर कोणी उभं नको. डी-मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आरपीएम कुठे स्थिरावतो ते बघायचं आणि सोडायचं. पाच सेकंदांच्या वर कधीच नाही, कारण त्या वेळात इंजिनची सगळी ताकद ऑईल तापवण्यात जाते. मग एन-मध्ये किमान एक मिनिट आयडल. नंतर आर-मध्ये हेच. चाकं हलायला लागली तर लगेच सोडा.

गिअर_डी

सगळं केलं. ऑईल हॉटच्या खालच्या खुणेच्याही खाली होतं, ४०० मिली घातलं तेव्हा पातळी आली. टिश्यूवर तपकिरी डाग, सारखा पसरलेला, जळकट वास नाही. नंतरचे आकडे: थंड असताना एन ते डी १.९ सेकंद, एन ते आर १.३. गरम असताना १.१ आणि १.२. स्टॉल डी-मध्ये २,२५०, आर-मध्ये २,२००. मॅन्युअलमध्ये २,२०० अधिक-उणे १५० लिहिलंय. डी पडायचा वेळ ऑईल घातल्यावर कमी झाला, पण निघतानाचं रांगणं होतं तसंच आहे.

दाबमापक

आकडे नीट घेतलेत, त्यामुळे बोलता येतं. माझ्या मते हे दोन वेगळे दोष आहेत. गॅरेजवाल्याने दोन्ही लक्षणं एकाच दुखण्यात बांधली, म्हणून उत्तर ‘पूर्ण खोलायचं’ असं आलं.

पहिलं, सकाळचा उशीर. डी आणि आर दोन्हींना वेळ लागत असता तर मुख्य दाबावर संशय गेला असता: पंप, तुंबलेला फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह. इथे आर ठीक आहे. फक्त डी उशिरा, तोही फक्त थंड असताना. फॉरवर्ड क्लचच्या (पुढे जाताना पकडणारा क्लच) पिस्टनवरचं रबरी सील वयाने कडक झालं की असंच होतं. थंड असताना ते सिलिंडरच्या भिंतीला नीट टेकत नाही, दाब बाजूने निसटतो आणि पिस्टन भरायला वेळ लागतो. ऊब मिळाली की रबर मऊ पडतं आणि गळती थांबते. उलट प्रकार, म्हणजे थंड असताना छान आणि तापल्यावर घसरतो, हा जास्त गंभीर. तेव्हा पातळ झालेलं ऑईल झिजलेल्या व्हॉल्व्ह बॉडीतून (ऑईल हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग), पंपातून, सीलिंग रिंगांमधून पळत असतं. तुमचा तो प्रकार नाही. गरम असताना १.१ सेकंद हा निरोगी बॉक्सचा आकडा आहे. खात्रीच करायची तर केसवरच्या टेस्ट पोर्टला ३०० पीएसआयचं गेज लावून डी आणि आर-मधला दाब मॅन्युअलशी ताडता येईल, पण या आकड्यांवर मी घाई करणार नाही.

आता रांगण्याचं. स्टॉल दोन्हीकडे बरोबर आला, म्हणजे इंजिन पुरेशी ताकद देतंय आणि कन्व्हर्टरही ठीक आहे. स्टेटरचा (कन्व्हर्टरमधला टॉर्क वाढवणारा भाग) वन-वे क्लच दोन्ही बाजूंना मोकळा फिरायला लागला तर टॉर्क वाढवून मिळत नाही, निघताना गाडी अशीच मरगळलेली वाटते, पण तेव्हा स्टॉल नेमलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली येतो, ६०० आरपीएमनेसुद्धा. तुमच्याकडे तसं काही नाही. स्टॉल जास्त आला असता तर क्लच घसरतोय असं म्हटलं असतं. तेही नाही.

मग राहिलं काय? स्टॉल टेस्टची एक आंधळी जागा आहे: गाडी कुठल्या गिअरमध्ये निघते हे ती सांगूच शकत नाही. चाकं धरून ठेवली की टर्बाईन (कन्व्हर्टरचं गिअरबॉक्सकडचं चाक) थांबलेलं असतं, मग पुढे पहिला गिअर असो की तिसरा. इंजिन त्याच थांबलेल्या टर्बाईनशी झुंजतं आणि आकडा तोच येतो. गाडी थेट तिसऱ्यातून निघत असेल तर स्टॉल उत्तम येईल आणि गाडी ३५ पर्यंत रांगेल. तुमचं वर्णन हुबेहूब तेच आहे.

तपासायला सोपं. रिकाम्या रस्त्यावर एकदा डी-मध्ये निघा, एकदा लिव्हर एल-मध्ये ठेवून निघा, आणि २० किलोमीटर वेगाला ॲक्सिलरेटर हलका करून आरपीएम बघा. पहिला गिअर २.८, फायनल ड्राइव्ह ३.९ आणि चाकाचा घेर १.८५ मीटर धरला तर २० ला पहिल्यात टर्बाईन सुमारे १,९५० वर फिरतं, तिसऱ्याचं प्रमाण १ असेल तर जेमतेम ७०० वर. कन्व्हर्टर घसरत असल्याने इंजिन त्याहून थोडं वर दिसेल, पण फरक इतका मोठा आहे की चुकायचा प्रश्न नाही.

गिअर_डी

एल-मध्ये २० ला १,९०० ते २,०००, आणि गाडी झपकन उचलते. डी-मध्ये तोच वेग असताना १,१०० च्या आसपास. डी-मध्ये पुढे जाताना गिअर बदलल्याचं एकदाच जाणवतं, ६०च्या आसपास.

ओहम

तिसऱ्यातून निघते आणि पुढे फक्त चौथा पडतो, यात शंका नाही. आता काम मल्टिमीटरचं.

आधी दिवा तपासा. ‘दिवा नाही’ यावर विसंबू नका. किल्ली ऑन केल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी ओव्हरड्राइव्हचा (सर्वात वरच्या गिअरचा) दिवा दोन-तीन सेकंद लागायला हवा. लागतच नसेल तर बल्ब गेलाय आणि कंट्रोलर (गिअरबॉक्सचा संगणक) कधीपासून दोष सांगतोय ते तुम्हाला दिसत नाहीये. स्कॅनर लावताना तो ट्रान्समिशनचे (गिअरबॉक्सचे) दोषाचे कोड वाचतो याची खात्री करा, काही स्वस्त रीडर फक्त इंजिनचे दाखवतात. पी०७०० एवढंच आलं तर त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे कोड आहे, तिकडे बघा’, इतकाच. शिफ्ट सोलेनॉइडचे (गिअर बदलणारे, विजेवर चालणारे ऑईलचे व्हॉल्व्ह) पी०७५० आणि पी०७५५. पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सरचा आणि पी०७२० आउटपुटचा. सेन्सर गेल्यावरही अनेक बॉक्स सुरक्षेसाठी एकाच गिअरमध्ये अडकून राहतात, म्हणून कोड न वाचता सोलेनॉइड विकत घेऊ नका.

चार-स्पीडच्या बऱ्याच बॉक्सांत दोन ऑन-ऑफ सोलेनॉइड मिळून चार गिअर ठरवतात. पहिल्याला वीज मिळाली नाही की पहिला आणि दुसरा गिअर हातचे जातात, गाडी तिसऱ्यातून निघते. लिव्हर एल-मध्ये टाकला की मॅन्युअल व्हॉल्व्ह (लिव्हरला जोडलेला) ऑईलचा रस्ताच बदलतो, म्हणून तिथे पहिला मिळतो. तुमच्या एल-च्या चाचणीचा आणखी एक फायदा: पहिल्या गिअरचे क्लच आणि बँड शाबूत आहेत हे त्यातून कळलं.

किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. बॉक्सच्या केसवरचा कनेक्टर सोडवून बॉक्सच्या बाजूने मोजा. ऑन-ऑफ सोलेनॉइड थंड असताना साधारण ११ ते १५ ओहम दाखवतो. दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइड वेगळ्या जातीचा, तो ५ ओहमच्या आसपास असतो, त्याला शॉर्ट समजून फेकू नका. अनंत आलं तर आतली वायर तुटली किंवा कॉइलच तुटली. प्रत्येक पिन आणि केस यांच्यातही मोजा, तिथे जोड दिसता कामा नये. आकडे थंड असताना बरोबर आले तर बॉक्स गरम करून पुन्हा मोजा, कारण बारीक चीर तापल्यावरच उघडते.

कनेक्टर हातात आहे तोवर पिनांकडे टॉर्च मारून बघा. हिरवट गंज, आत पसरलेल्या पिना, किंवा हार्नेसमधून चढून आलेलं ऑईल. या वयाच्या गाडीत सोलेनॉइडइतकाच कनेक्टरही दोषी निघतो.

गिअर_डी

बल्ब गेलेलाच होता. स्कॅनरवर पी०७५०. एक सोलेनॉइड १३ ओहम, दुसरा अनंत. गंज नाही. म्हणजे चेंबर (बॉक्सच्या तळाचं ऑईलचं तबक) खोलावा लागणार. त्याच वेळी मशीनने फ्लश (दाबाने सगळं ऑईल बदलणं) करून घ्यावं का? आणि काम होईपर्यंत गाडी चालवली तर चालेल का?

पाना_१४

सोलेनॉइड बदलायला बॉक्स उतरवावा लागत नाही. मशीनचा फ्लश मी या बॉक्सला करणार नाही. सव्वादोन लाखांत तळाला बसलेला गाळ दाबाने उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो. चेंबर काढून ऑईल बदलणं पुरेसं आहे, फक्त एकदा बदलून सगळं नवं होत नाही. तुमच्या बॉक्समध्ये एकूण ७.६ लिटर असेल तर चेंबरमधून साधारण ३.३ लिटरच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांत राहतं. एका बदलात ४३ टक्के नवं, दुसऱ्यात ६८, तिसऱ्यात ८२. मध्ये पाचशे-हजार किलोमीटर जाऊ द्या.

‘जुनं ऑईल बदललं की बॉक्स जातो’ हे ऐकलं असेल. जातो तो आधीच घसरत असलेला बॉक्स, ज्याच्या ऑईलमधला अस्तराचा चुरा थोडी पकड देत होता. तुमच्या टिश्यूवर काळा ठिपका नाही आणि स्टॉलही बरोबर आहे, तेव्हा ही भीती नको.

काढलेलं ऑईल खुणांच्या भांड्यात मोजा. चेंबरमधलं लोहचुंबक काढून बोटावर घासा: मऊ राखाडी लेप नेहमीचाच. चकचकीत कण, तुकडे किंवा टोचणारी कीस दिसली तर विषय बदलतो, फोटो काढून इथे टाका. सोलेनॉइड सोडवल्यावर मोकळा धरून १२ व्होल्ट द्या, टक् आवाज यायला हवा. तुटलेल्या कॉइलचा येणार नाही. नवा बसवायच्या आधी त्याचीही हीच परीक्षा घ्या.

सर्वात जास्त चूक फिल्टरला होते. जुन्या फिल्टरचं सील किंवा ओ-रिंग वर केसच्या भोकातच चिकटून राहते, नवा फिल्टर नव्या रिंगसह त्यावर दाबला जातो आणि पंप हवा ओढायला लागतो. मग गिअर पडायला पूर्वीपेक्षाही उशीर. भोकात बोट फिरवून जुनी रिंग निघाल्याची खात्री करा. नव्या रिंगला थोडं ऑईल लावून सरळ दाबा. चेंबरचे बोल्ट आडवे-तिरपे कसत या, सहसा ५ ते १० न्यूटन-मीटर, त्याहून जास्त कसलं तर चेंबरची कड वाकते आणि गळती सुरू होते.

ऑईल डिपस्टिकवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. डेक्स्रॉन ३ च्या जागी डेक्स्रॉन ६ चालतं, पण टोयोटाच्या टाइप टी-४ च्या जागी डब्ल्यूएस घालू नका, ते जास्त पातळ आहे. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या वेगळ्या ऑटोमॅटिकचं) ऑईल तर कधीच नाही. जेवढं निघालं तेवढंच भरा, आणि मग गरम करून डिपस्टिकवर पातळी जुळवा. कोड पुसा, बल्ब बदला, स्टॉपवॉचने पुन्हा मोजा. ऑईल घातल्यावर वेळ कमी झालाच होता, नव्या फिल्टरने आणि ऑईलने आणखी थोडा कमी व्हावा. कडक सील मात्र ऑईलने मऊ होत नाही. थंडीतला दीड-पावणेदोन सेकंदांचा उशीर राहिला तर इंजिन अर्धा-एक मिनिट आयडल करून डी-मध्ये टाका आणि गिअर पडेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावू नका. रेस देऊन पाडलात तर त्या क्लचच्या प्लेटा जळतात.

ओहम

चालवण्याबद्दल: तिसऱ्यातून निघताना कन्व्हर्टर जास्त वेळ घसरतो आणि ऑईल भराभर तापतं, चढावर आणि गर्दीत तर फारच. काम होईपर्यंत एल-मध्ये निघा आणि २५-३० ला ॲक्सिलरेटर हलका करून लिव्हर डी-मध्ये घ्या. वेगात असताना मात्र परत एल-मध्ये टाकू नका.